अपडेटनंतर कॉम्प्युटर सारखा रीस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

विंडोजचं अपडेट आलं, स्क्रीनवर शंभर टक्के पूर्ण झाले, कॉम्प्युटर एकदा बंद होऊन चालू झाला आणि तेव्हापासून थांबायचं नावच घेत नाही. कंपनीचा लोगो येतो, ठिपके गोल गोल फिरतात, स्क्रीन काळी होते आणि पुन्हा लोगो. ओळखीच्या दुकानात फोन केला की बहुधा ठरलेलं उत्तर मिळतं: ‘घेऊन या, फॉरमॅट मारावा लागेल.’

फॉरमॅटनं कॉम्प्युटर सुरू होईलही. पण त्यात हिशेबाच्या फायली, फोटो आणि कागदपत्रांचे स्कॅन जाऊ शकतात. शिवाय मूळ दुखणं रॅमचं किंवा पॉवर सप्लायचं असेल, तर नवं कोरं विंडोजही थोड्या दिवसांनी तसंच गटांगळ्या खाऊ लागतं. त्यामुळे उपायाच्या आधी एक गोष्ट नीट बघायची: कॉम्प्युटर नेमका कोणत्या टप्प्यावर बंद पडतो? हा टप्पा कळला की निम्मा शोध संपतो.

आधी थांबा, मग सगळं काढून ठेवा

अपडेटच्या वेळी दोन-तीनदा रीस्टार्ट होणं हे नेहमीचंच आहे. मोठ्या अपडेटमध्ये एका टक्क्यावर बराच वेळ अडकल्यासारखंही दिसतं. जुनी, फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तासाभराहून जास्त वेळ लागू शकतो. टक्के सरकत असतील किंवा हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर हात लावू नका. ‘अनडूइंग चेंजेस’ असं दिसलं, तर विंडोज स्वतःच अपडेट मागे घेतंय. तेही पूर्ण होऊ द्या. मात्र तेच ते चक्र पुन:पुन्हा फिरत असेल, टक्का शून्यावर येत असेल किंवा लोगोच्या पुढे काही जातच नसेल, तर ते अडकलं आहे असं समजा.

मग प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, डोंगल, वेबकॅम, मेमरी कार्ड सगळं काढा. फक्त कीबोर्ड आणि माऊस ठेवा. विसरलेला पेन ड्राइव्ह किंवा प्रिंटरचा बिघडलेला ड्रायव्हरही सुरू होण्यात अडथळा आणतो. लॅपटॉप असेल तर तो बंद करा, चार्जर काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग चार्जर लावून सुरू करा. एवढ्यानंही काही मशीन ताळ्यावर येतात.

दोष नेहमी अपडेटचाच असतो का?

कधीकधी असतो. जानेवारी २०२२ च्या अपडेटनंतर अनेक कंपन्यांचे ‘डोमेन कंट्रोलर’ (लॉगिन सांभाळणारे) सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होऊ लागले आणि मायक्रोसॉफ्टला आठवड्याच्या आत वेगळी दुरुस्ती काढावी लागली. जून २०२४ च्या अखेरीस विंडोज ११ साठी आलेल्या एका ऐच्छिक अपडेटमुळे काही मशीन पुन:पुन्हा रीस्टार्ट होत राहिली आणि त्याचं वाटप काही काळ थांबवलं गेलं.

कधी अपडेट असतं, पण विंडोजचं नसतं. १९ जुलै २०२४ ला भारतीय वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या सुमारास क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक सदोष फाइल पाठवली. सुमारे सव्वा तासात ती मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन कोसळली होती. भारतातल्या विमानतळांवरही त्या दिवशी प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय होता सेफ मोडमध्ये (म्हणजे फक्त गरजेच्या ड्रायव्हरवर विंडोज सुरू करून) जाऊन ती एक फाइल काढून टाकणं. बहुतेक मशीनवर त्यासाठी फॉरमॅट मारण्याची गरज नव्हती.

आणि कधी अपडेट फक्त जुनं दुखणं उघडं पाडतं. फेब्रुवारी २०१० मध्ये विंडोज एक्सपीचं एक सुरक्षा अपडेट लावल्यावर अनेकांची मशीन निळी स्क्रीन दाखवून पुन:पुन्हा रीस्टार्ट होऊ लागली. तपासात दिसलं की त्या मशीनमध्ये ‘अल्युरिऑन’ नावाचं छुपं व्हायरससारखं सॉफ्टवेअर आधीपासून घुसलेलं होतं. विंडोजच्या गाभ्यातले पत्ते अपडेटनं बदलले आणि जुन्या पत्त्यांवर विसंबलेलं ते सॉफ्टवेअर कोसळताना मशीनलाही घेऊन बुडालं. क्रॅक केलेल्या विंडोजवर आजही हा धोका आहे. ॲक्टिव्हेशन चुकवण्यासाठी वापरलेली साधनं सिस्टिमच्या फायलींत ढवळाढवळ करतात आणि पुढच्या अपडेटला त्या फायली जुळत नाहीत.

घरगुती मशीनबाबत आणखी एक कारण असतं, ते फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बहुतेक ठिकाणी चालू असते. त्यामुळे ‘शट डाऊन’ केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उघडतो. पूर्ण, शून्यापासून सुरुवात होते ती फक्त ‘रीस्टार्ट’ केल्यावर. रोज शट डाऊन करणाऱ्या घरात कित्येक आठवड्यांतला पहिला खरा रीस्टार्ट अपडेटच करतं. मधल्या काळात डिस्क खराब झाली असेल किंवा एखादा ड्रायव्हर बिघडला असेल, तर ते नेमकं त्याच दिवशी बाहेर येतं आणि आळ अपडेटवर येतो.

कुठे बंद पडतो ते बघा

घड्याळ समोर ठेवून दोन-तीन फेऱ्या शांतपणे बघा. चारपैकी एक प्रकार दिसेल.

*कंपनीच्या लोगोलाच बंद पडतो.* इथे विंडोज अजून सुरूच झालेलं नाही. सुरू करताना एफ २, एफ १० किंवा डिलीट (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) दाबत राहून बायोसच्या स्क्रीनवर जा आणि पंधरा-वीस मिनिटं मशीन तिथेच ठेवा. बायोसमध्येही रीस्टार्ट होत असेल, तर विंडोज निर्दोष आहे. रॅम, पॉवर सप्लाय, तापलेला प्रोसेसर किंवा अडकलेलं पॉवर बटण यांकडे बघा. डेस्कटॉप असेल तर प्लग काढून रॅमच्या पट्ट्या बाहेर काढा, सोनेरी कडा खोडरबरानं हलक्या पुसा आणि एकेक पट्टी लावून बघा. एक सावधगिरी: आजकाल विंडोज अपडेटमधूनच लॅपटॉपचं बायोसही अपडेट होतं. बायोस अपडेट चालू असल्याचा संदेश दिसत असेल, तर वीज तोडू नका. ते अर्धवट राहिलं तर मशीन सुरूच होणार नाही.

*लोगो जातो, ठिपके फिरतात आणि मग बंद पडतो.* अर्धवट राहिलेलं अपडेट, बिघडलेला ड्रायव्हर किंवा डिस्कची खराबी. अपडेटमुळे अडकलेली बहुतेक मशीन याच गटात असतात. यांच्यासाठीचा मार्ग पुढे दिला आहे.

*लॉगिन होतं, डेस्कटॉप दिसतो आणि मिनिट-दोन मिनिटांत बंद.* विंडोजचा पाया ठीक आहे. त्यानंतर सुरू होणारं काहीतरी, म्हणजे अँटिव्हायरस, ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा स्टार्टअपमधला एखादा प्रोग्रॅम, दोषी असण्याची शक्यता जास्त.

*वेळ ठरलेली नाही; गेम, व्हिडिओ किंवा जड काम चालू झालं की बंद.* उष्णता आणि वीज. पंख्यातली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, थकलेला एसएमपीएस (पॉवर सप्लाय) किंवा कमकुवत यूपीएस. आपल्याकडे व्होल्टेज वरखाली होणं नवं नाही, आणि अपडेट चालू असताना प्रोसेसरवर ताणही जास्त असतो. यूपीएस काढून थेट चांगल्या सॉकेटवर लावून बघा. लॅपटॉप असेल तर फक्त बॅटरीवर चालवून बघा.

निळी (विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत काळी) स्क्रीन क्षणभर दिसत असेल, तर मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढा. नंतर तो थांबवून खालचा ‘स्टॉप कोड’ वाचता येतो. ‘मेमरी मॅनेजमेंट’ वारंवार येत असेल तर रॅम तपासा. ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ म्हणजे हार्डवेअरची तक्रार. ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणजे विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. डिस्क किंवा तिचा ड्रायव्हर बिघडलेला असतो, नाहीतर बायोसमधली स्टोरेजची सेटिंग बदललेली असते. कोडच्या शेजारी टिंब आणि ‘एसवायएस’ या अक्षरांनी संपणारं फाइलचं नाव असेल, तर ते जरूर लिहून घ्या. ते ज्या ड्रायव्हरचं आहे, त्याच्यावर पहिला संशय घ्यायचा.

दुरुस्तीच्या मेनूपर्यंत कसं पोचायचं

विंडोजच्या आत दुरुस्तीची एक वेगळी, छोटी व्यवस्था असते. सुरुवात लागोपाठ फसली की ती बहुधा आपोआप येते. येत नसेल तर ठिपके फिरू लागताच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करा. असं तीनदा केल्यावर ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’ असं दिसेल आणि मग मेनू उघडेल. हे फक्त तेच ते चक्र फिरत असताना करायचं; अपडेटचे टक्के पुढे सरकत असताना नाही.

तरीही मेनू येत नसेल, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ घ्या आणि निदान ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर विंडोजची इन्स्टॉलेशन डिस्क बनवा. त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करून ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘रिपेअर’चा पर्याय निवडा. ऑक्टोबर २०२५ च्या एका अपडेटनंतर याच मेनूत यूएसबी कीबोर्ड आणि माऊस चालेनासे झाले होते. काही दिवसांत त्याची दुरुस्ती आली. तुमच्या मशीनवर मेनूत बटणं दाबूनही काही हलत नसेल, तर ही पेन ड्राइव्हची वाट कामाची आहे.

इथेच अनेकांना दुसरा अडथळा लागतो: ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ मागणारी स्क्रीन. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर ४८ अंकी की दिल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं असेल तर हे एन्क्रिप्शन आपल्या नकळत चालू झालेलं असू शकतं. घाबरू नका. मोबाइलच्या ब्राउझरमधून त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करा आणि डिव्हाइसेसच्या पानावर ‘रिकव्हरी की’ बघा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की आयटी विभागाकडे असते. की हाती नसताना बायोसच्या सेटिंग बदलत बसू नका. एखाद्या बदलानंही मशीन पुन्हा की मागू शकतं.

उपाय, सौम्यापासून कडकाकडे

मेनूत ‘ट्रबलशूट’ आणि मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडा. खालचे उपाय याच क्रमानं करा आणि प्रत्येकानंतर मशीन सुरू करून बघा. एकदम तीन गोष्टी केल्या, तर कशानं बरं झालं ते कळत नाही.

१. स्टार्टअप रिपेअर. सुरुवातीच्या फायली तपासून दुरुस्त करतं. दोन-तीनदा करूनही फरक पडला नाही, तर पुढे चला.

२. अनइन्स्टॉल अपडेट्स. इथे दोन पर्याय येतात. दर महिन्याच्या सुरक्षा अपडेटसाठी ‘लेटेस्ट क्वालिटी अपडेट’, आणि विंडोजची नवी आवृत्ती बसली असेल तर ‘लेटेस्ट फीचर अपडेट’. आधी पहिला निवडा. दुसऱ्याला मुदत आहे: नवी आवृत्ती बसल्यापासून साधारण दहा दिवसच जुन्या आवृत्तीकडे परतता येतं. आपल्या फायलींना यात धक्का लागत नाही.

३. सेफ मोड. ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून रीस्टार्ट करा आणि यादीतून ४ दाबा; इंटरनेट हवं असेल तर ५. लॉगिनला पिन चालला नाही तर पासवर्ड द्या. सेफ मोडमध्ये मशीन तासभर शांत राहिलं, तर हार्डवेअर बहुतेक ठीक आहे आणि दोष बाहेरच्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रॅमचा आहे. नुकताच बसलेला अँटिव्हायरस काढा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर ‘रोल बॅक’ करा, टास्क मॅनेजरमधून स्टार्टअपचे प्रोग्रॅम बंद करा. याच यादीतला ९ क्रमांक एरर आल्यावर आपोआप होणारं रीस्टार्ट थांबवतो, म्हणजे निळी स्क्रीन निवांत वाचता येते.

४. सिस्टिम रिस्टोर. अपडेटच्या आधीचा रिस्टोर पॉइंट असेल तर तिथे परत जा. फोटो, कागदपत्रं तशीच राहतात. त्यानंतर बसवलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर मात्र जातात.

५. कमांड प्रॉम्प्ट. टाइप करून काम करायची सवय असेल तर अर्धवट अडकलेलं अपडेट ‘डिझम’ या कमांडच्या ‘रिव्हर्ट पेंडिंग ॲक्शन्स’ पर्यायानं मागे घेता येतं आणि डिस्क ‘चेकडिस्क’नं तपासता येते. अचूक कमांड मायक्रोसॉफ्टच्या मदत पानावरून जशीच्या तशी घ्या. आधी ड्राइव्हचं अक्षर तपासा, कारण या मेनूत विंडोजचा ड्राइव्ह सी ऐवजी दुसऱ्याच अक्षरानं दिसू शकतो. डिस्क कुरकुरत असेल किंवा जात चालल्याची शंका असेल, तर चेकडिस्कच्या आधी डेटा काढा.

६. रीसेट धिस पीसी. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी सगळे प्रोग्रॅम जातात. टॅली, श्रीलिपी, प्रिंटरचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवावं लागेल, त्यांची लायसन्स आधी शोधून ठेवा. शिवाय ‘माय फाइल्स’ म्हणजे तुमच्या युजर फोल्डरमधल्या फायली. एखाद्या सॉफ्टवेअरनं सी ड्राइव्हवर स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलेला डेटा वाचेलच, असं धरून चालू नका.

डेटा आधी बाहेर काढा

सहाव्या उपायाच्या आधी, आणि डिस्कवर थोडी जरी शंका असेल तर पहिल्याच उपायाच्या आधी, फायली बाहेर काढा. विंडोज सुरू होत नसतानाही एक सोपी वाट आहे. दुरुस्तीच्या मेनूतल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नोटपॅड’ हे इंग्रजी स्पेलिंग टाइप करून एंटर दाबा. नोटपॅड उघडलं की ‘फाइल’, मग ‘ओपन’. खाली फायलींचा प्रकार ‘ऑल फाइल्स’ करा. ही छोटी खिडकीच आता तुमची फाइल एक्सप्लोरर आहे. हवं ते फोल्डर राइट क्लिक करून कॉपी करा आणि आधी लावलेल्या बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करा. कॉपी चालू असताना प्रगतीची पट्टी दिसत नाही, म्हणून घाई न करता थांबा.

दुसरी वाट म्हणजे उबंटूसारखं लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवणं. तिसरी म्हणजे डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घालणं आणि दुसऱ्या मशीनला लावणं. एन्क्रिप्ट डिस्कसाठी तिन्ही वाटांवर बिटलॉकरची की लागेलच.

सुरू झाल्यावर लगेच काय करायचं

मशीन सुरू झालं की पुन्हा तेच अपडेट रात्रीतून बसू नये म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन अपडेट एक-दोन आठवड्यांसाठी ‘पॉज’ करा. मग कारण शोधा. ‘रिलायबिलिटी मॉनिटर’मध्ये दिवसागणिक बिघाडांची यादी असते, कुठल्या तारखेला काय बसलं आणि त्यानंतर काय कोसळलं ते तिथे एका नजरेत दिसतं. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये १०७४ क्रमांक असेल तर कुठल्या तरी प्रोग्रॅमनं किंवा विंडोजनंच रीस्टार्ट सांगितलं होतं. नुसता ४१ क्रमांक असेल तर मशीन नीट बंद न होताच अचानक गेलं, म्हणजे वीज आणि उष्णता आधी तपासा. सोबत १००१ असेल तर सिस्टिम कोसळली होती आणि स्टॉप कोडही तिथे नोंदलेला मिळेल.

लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून ग्राफिक्स आणि चिपसेटचे ताजे ड्रायव्हर घ्या. सी ड्राइव्हवर वीस-पंचवीस जीबी जागा मोकळी ठेवा. सिस्टिम रिस्टोर चालू आहे का बघा. अनेक मशीनवर ते बंदच असतं. बिटलॉकरची की कागदावर लिहून कपाटात ठेवा.

एवढा त्रास झाल्यावर अपडेट कायमचं बंद करावंसं वाटेल. ते करू नका. मे २०१७ मध्ये जगभर धुमाकूळ घालणारा ‘वॉनाक्राय’ हा व्हायरस ज्या छिद्रातून शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं, त्यांतल्या अनेकांच्या फायली कुलूपबंद झाल्या. त्यापेक्षा वेळ साधा. मासिक सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं, म्हणजे भारतात मंगळवारी रात्री उशिरा. जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख किंवा परीक्षेचा फॉर्म जवळ असेल, तर त्याआधी अपडेट आठवडाभर पुढे ढकला. एखादं अपडेट सदोष असेल, तर तोवर त्याची बातमी आणि बहुधा दुरुस्तीही आलेली असते. लावाल त्या दिवशी आधी बॅकअप घ्या आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवा.

दुकानात न्यावंच लागलं तर

‘बंद पडतोय’ एवढंच सांगू नका. कुठल्या टप्प्यावर बंद पडतो, बायोसमध्ये टिकतो का, सेफ मोडमध्ये टिकतो का आणि स्टॉप कोड काय आला, या चार गोष्टी चिठ्ठीवर लिहून द्या. डेटाचा बॅकअप आपल्यासमोर घ्यायला सांगा आणि डिस्कचा ‘स्मार्ट’ अहवाल मागा. डिस्क मरायला टेकली असेल तर त्यात दिसतं. पार्ट बदलला तर जुना पार्ट परत मागा. आणि पुन्हा ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हेच ऐकू आलं, तर विचारा: नेमकं काय सापडलं म्हणून? या प्रश्नाचं नीट उत्तर देणाऱ्याच्या हाती मशीन द्या. उत्तर मिळालं नाही, तर दुसरं दुकान बघा.